होम थिएटर पीसी पुन्हा पुन्हा घोंगावतो: आधी कारण शोधा, मग सुटे भाग निवडा

तक्रार साधारण अशी असते. पीसी टीव्हीखाली ठेवलेला आहे. नवा होता तेव्हा तो सुरू आहे की बंद, हे दिव्याकडे बघूनच कळायचं. आता दर दोन-चार मिनिटांनी पंखा चढतो, दहा-पंधरा सेकंद घोंगावतो आणि उतरतो. मारामारीच्या प्रसंगात ते जाणवत नाही, पण पडद्यावर दोघं जण हळू बोलायला लागले की नेमका तेव्हाच तो आवाज कानात भरतो. मग आपण कूलर (प्रोसेसरवरचा धातूचा हीटसिंक आणि त्याचा पंखा) बदलतो. महिनाभर बरं जातं आणि पुन्हा तेच सुरू होतं.

मी या फेऱ्यातून तीन वेळा गेलो आहे. घरातलं लहान मूल झोपल्यावर रात्री उशिरा, टीव्हीचा आवाज अगदी बारीक ठेवून चित्रपट बघणं हाच माझ्या पीसीचा मुख्य उपयोग, त्यामुळे हा त्रास मला सोडून देता आला नाही. तिन्ही वेळा लक्षण एकच होतं, कारणं मात्र वेगवेगळी निघाली. पहिल्या वेळी पुढच्या जाळीवर धुळीचा थर बसला होता. दुसऱ्या वेळी बायोस (मदरबोर्डची मूळ सेटिंग सांभाळणारी प्रणाली) अपडेट केल्यावर पंख्याची सगळी सेटिंग मूळपदावर गेली होती, आणि हे माझ्या आठवडाभर लक्षात आलं नाही. तिसऱ्या वेळी ब्राउझरच्या एका अपडेटनंतर व्हिडिओ डीकोड करण्याचं, म्हणजे आवळून साठवलेलं चित्र उलगडण्याचं, काम ग्राफिक्सकडून निघून प्रोसेसरवर येऊन पडलं होतं. नव्या कूलरने यातलं एकही दुखणं बरं झालं नसतं.

शांत पीसी बनवायचा म्हणजे सर्वात कमी डेसिबलचा पंखा शोधायचा, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव वेगळा आहे. सतत एकाच पट्टीत चालणारा मंद आवाज कान पाच मिनिटांत विसरतो, बदलणारा आवाज विसरत नाही. म्हणून सुटे भाग निवडतानाही एकच प्रश्न विचारायचा: याच्यामुळे पंख्याला वेग बदलावा लागेल का?

आवाज नेमका कसला आहे?

पहिलं काम, टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण बंद करा, पीसी चालू ठेवा. आवाज गेला तर पंख्याचा काही दोष नाही. स्पीकरमधून येणारी सलग गुणगुण बहुतेक वेळा अर्थिंगची असते. पीसी एका सॉकेटवर, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्यावर आणि मध्ये साधी ऑडिओ केबल, अशी जोडणी असली की ती हमखास ऐकू येते. दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून बघा, किंवा ऑप्टिकल केबल वापरा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, म्हणून त्या वाटेने येणारी गुणगुण तिथेच तुटते.

आवाज डब्यातूनच येत असेल तर पुठ्ठ्याची पोकळ नळी घ्या. कापडाच्या किंवा कागदाच्या गुंडाळीत असते तशी. एक टोक कानाला लावा आणि दुसरं टोक कॅबिनेटभोवती हळूहळू फिरवा. आवाज कुठून येतोय हे यातून जितकं स्पष्ट कळतं तितकं मोबाइलवरच्या ध्वनिमापक अ‍ॅपमधून कळत नाही, कारण इतक्या हळू आवाजाच्या पातळीवर मोबाइलच्या माइकचे आकडे भरवशाचे नसतात. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) आत कुठलीही वस्तू घालू नका आणि तो उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये काही काळ जीवघेणं व्होल्टेज उरलेलं असतं.

वाऱ्यासारखा सूंऽऽ आवाज हा हवेचा असतो. पंखा जास्त वेगाने फिरतोय, किंवा पात्यांच्या अगदी जवळ जाळी आहे आणि हवा तिला घासून जातेय. घूं… घूं… असा फुगत-ओसरत जाणारा आवाज बहुतेक वेळा कंपनाचा असतो. कॅबिनेटच्या पत्र्यावर तळहात दाबून ठेवा. आवाज बदलला तर कंपन पत्र्यात शिरलेलं आहे. दोन हार्ड डिस्क असतील तर हे हमखास होतं. ५४०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ५४०० फेरे घेणारी, डिस्क सेकंदाला ९० फेरे घेते, पण दोन डिस्कचा वेग तंतोतंत सारखा नसतो. एक ९०.० आणि दुसरी ९०.३ फेऱ्यांवर असली की त्यांची कंपनं साधारण दर तीन सेकंदांनी एकमेकांना मिळतात आणि मग सुटतात. एकेकटी डिस्क ऐकू येत नाही, जोडी मात्र रात्रभर कण्हत राहते.

बारीक चीं असा आवाज कॉइलचा. तो पंख्यातून येत नाही, व्होल्टेज सांभाळणाऱ्या कॉइलमधून येतो. चित्रपट निवडायच्या मेन्यूवर असताना चीं आणि चित्रपट सुरू झाला की बंद, असं होत असेल तर मेन्यू सेकंदाला शेकडो फ्रेम काढत असण्याची शक्यता आहे. व्ही-सिंक (पडद्याच्या वेगाइतक्याच फ्रेम काढायची सेटिंग) चालू करून फ्रेमची मर्यादा घाला, बरेचदा तेवढ्यानेच भागतं. टकटक असेल तर आधी एखादी वायर पात्याला लागतेय का ते बघा. तसं नसेल आणि पंखा मंद असतानाच टकटक होत असेल, तर काही पंख्यांच्या मोटरला कमी वेगावर पीडब्ल्यूएमचे, म्हणजे वेग ठरवणाऱ्या चालू-बंद इशाऱ्याचे, ठोके मानवत नाहीत. तोच पंखा बायोसमध्ये डीसी मोडवर (जिथे वेग व्होल्टेजने बदलतो) टाकला की ती जाते.

कोरडी खरखर येत असेल तर पंख्याचं बेअरिंग गेलेलं आहे. एवढ्याच बाबतीत थेट नवा पंखा आणावा. तेल सोडून तो पुन्हा चालतो, पण महिन्या-दोन महिन्यांत खरखर परत येते.

पंखा चढतो-उतरतो का?

आवाज सूंऽऽ असा असेल आणि तो चढत-उतरत असेल, तर हा भाग नीट वाचा. या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये पंखा प्रोसेसरच्या चिपच्या तापमानामागे धावतो. ती चिप बोटाच्या नखाएवढी. मेन्यू उघडला, एखादं सबटायटल उतरवलं, लायब्ररीतली नवी पोस्टर आली, की ती एका सेकंदात दहा-पंधरा अंशांनी तापते आणि काम संपताच तितक्याच झटक्यात उतरते. पंखा बिचारा त्या उड्यांवर नाचत राहतो.

त्या क्षणी पंख्याने थंड करायला खरं तर काहीच नसतं. हिशेब करून बघा. प्रोसेसरने दहा सेकंद २० वॅट जास्त घेतले, म्हणजे २०० जूल उष्णता. हीटसिंक ४०० ग्रॅम अ‍ॅल्युमिनियमचा धरला तर तो एक अंशाने तापायला सुमारे ३६० जूल लागतात. ती सगळी उष्णता हीटसिंकमध्येच साठली, थोडीही बाहेर गेली नाही असं मानलं, तरी तो जेमतेम अर्धा अंश वर जातो. चिप आणि हीटसिंक यांच्यातला हा फरक लक्षात आला तेव्हा माझा अर्धा प्रश्न सुटला. हीटसिंक म्हणजे उष्णतेची टाकी आहे. छोट्या लाटा ती पोटात घेते, पंख्याला उठवायची गरजच नसते.

तेव्हा बायोसमध्ये जा. पंख्याच्या पानावर दोन गोष्टी शोधा. पहिली, वेग बदलायला लागणारा वेळ. वेगवेगळे उत्पादक तिला वेगळं नाव देतात, कुठे स्मूदिंग, कुठे स्टेप-अप टाइम, कुठे फॅन डिले. ती असेल तितकी वाढवा. दुसरी गोष्ट म्हणजे तापमान आणि वेग यांचा आलेख. मूळ आलेख ४० अंशांपासूनच चढायला लागतो आणि घोळ तिथेच आहे. माझ्या पीसीवर ६५ अंशांपर्यंत रेघ पूर्ण सपाट आहे, पंखा सुमारे ६०० आरपीएमवर एका लयीत फिरतो. ६५ ते ८० मध्ये ती हळूहळू चढते आणि त्यानंतर थेट पूर्ण वेगाकडे जाते. आताचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करून स्वतःला वाचवतात, त्यामुळे ६५ अंश बघून घाबरायचं काही कारण नाही. चित्रपट बघताना काटा सपाट भागातच राहिला पाहिजे, एवढीच परीक्षा. तो सपाट भागाच्या कडेवर घुटमळत असेल तर रेघ आणखी पाच अंश पुढे ढकला, नाहीतर चढ-उतार पुन्हा सुरू होईल.

सेटिंग बदलूनही पंखा पूर्ण वेगानेच फिरत असेल तर वायरच्या टोकाकडे बघा. तीन पिनांच्या पंख्याचा वेग व्होल्टेजने कमी-जास्त होतो, चार पिनांच्या पंख्याचा चौथ्या वायरवरच्या पीडब्ल्यूएम इशाऱ्याने. तीन पिनांचा पंखा पीडब्ल्यूएम मोडवर ठेवलेल्या जागी लावला तर त्याला कायम पूर्ण १२ व्होल्ट मिळतात आणि तो बेफाम फिरतो. बायोसमध्ये त्या जागेचा मोड डीसी करायचा, झालं. या एका चुकीपायी चांगले पंखे कचऱ्यात गेलेले मी पाहिले आहेत आणि मनापासून वाईट वाटलं आहे.

हे सगळं बायोसमध्येच करा. विंडोजमधून पंखे सांभाळणारी सॉफ्टवेअर आहेत आणि त्यातली काही चांगलीही आहेत, पण झोपेतून उठताना किंवा अपडेटनंतर ती सुरू झाली नाहीत की पंखा पुन्हा जुन्या चालीवर जातो. आणि बायोसच्या त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बायोस अपडेट झाला की सेटिंग पुसली जाऊ शकतात. तेव्हा आठवून भरण्यापेक्षा फोटो बघून भरणं सोपं.

टीव्ही युनिटचं दार

आलेख सपाट केला, तरी दीड तासाने पंखा चढतोच? मग उष्णता बाहेर जायला वाट नाही.

याची चाचणी फुकट आहे. नेहमीच्या जागी, दार लावून, एक तास चित्रपट चालवा आणि प्रोसेसरचं तापमान लिहून ठेवा. मग दार उघडून, पीसी हातभर पुढे ओढून तोच चित्रपट पुन्हा एक तास चालवा. दुसऱ्या वेळी तापमान आठ-दहा अंशांनी कमी आलं, तर कुठलाही कूलर विकत घेऊ नका. दोष फर्निचरचा आहे. कूलर कितीही भारी असला तरी आत येणाऱ्या हवेपेक्षा थंड तो काहीच करू शकत नाही. युनिटमधली हवा ३० अंशांवरून ४२ वर गेली की आतला प्रत्येक आकडा जवळपास बारा अंशांनी वर सरकतो.

हवा किती लागते, याचा अंदाज असला तर भीती जाते. ६० वॅटची उष्णता वाहून नेताना हवेचं तापमान फक्त पाच अंशांनी वाढावं असं वाटत असेल, तर तासाला साधारण ३५ घनमीटर हवा पुरते. मंद फिरणारा १२० मिलिमीटरचा एक पंखा, समोर अडथळा नसेल तर, एवढी हवा सहज हलवतो. म्हणजे कमी पडतो तो वारा नसतो, वाट असते. बहुतेक टीव्ही युनिटच्या मागच्या फळीला केबलपुरतं एक भोक असतं आणि तेही वायरींनी भरलेलं. त्यामुळे गरम हवा फिरून पुन्हा पुढच्या जाळीतून आत शिरते.

मागची फळी त्या खणापुरती काढून टाका किंवा तिला मोठी खिडकी पाडा. समोरच्या दाराला काचेऐवजी जाळी किंवा कापड लावता आलं तर उत्तमच. पीसीच्या मागे आणि वर चार बोटं जागा मोकळी सोडा. यात मला सौंदर्याशी तडजोड करावी लागली, तरी तीच दुरुस्ती सर्वात टिकाऊ ठरली.

धुळीबद्दल दोनच वाक्यं: जाळी महिन्यातून एकदा ब्रशने झाडा. आणि हीटसिंकवर हवेचा फवारा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो जोराने फिरून बेअरिंगला धक्का बसतो.

चित्रपट कोण उलगडतंय?

वाट मोकळी आहे, धूळ नाही, तरी एखादाच चित्रपट किंवा एखादंच संकेतस्थळ लावलं की पंखा चढतो. असं असेल तर व्हिडिओ डीकोड करण्याचं काम चुकीच्या हाती गेलंय.

आजच्या प्रोसेसरमध्ये व्हिडिओसाठी वेगळा भाग असतो. तो भाग काम करतो तेव्हा ४के चित्रपटही अगदी थोड्या विजेत चालतो. पण फाइलचा प्रकार त्याला येत नसेल, किंवा प्लेयरमध्ये हार्डवेअर डीकोडिंग बंद पडलेलं असेल, तर तेच काम प्रोसेसरचे मुख्य कोअर अंगावर घेतात आणि उष्णता कितीतरी पटींनी वाढते. बघायचं सोपं आहे. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर जीपीयू (ग्राफिक्सचा भाग) निवडा; चित्रपट चालू असताना व्हिडिओ डीकोडचा आलेख हलतोय का ते पाहा. तो शून्यावर आणि सीपीयूचा आलेख वर असेल तर चोर सापडला. कोडी हा मीडिया प्लेयर वापरत असाल तर कीबोर्डवरचं ओ हे अक्षर दाबा. पडद्यावर जी माहिती येते त्यात डीकोडरच्या नावापुढे एचडब्ल्यू (हार्डवेअर) असं दिसलं पाहिजे. ब्राउझरमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनचं बटण सेटिंगमध्ये असतं, तेही तपासा.

अपवादही माहीत असू द्या. एच.२६४ या व्हिडिओ प्रकारातल्या १० बिटच्या (रंगांच्या जास्त छटा साठवणाऱ्या) फाइली, ज्या जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये बऱ्याच आढळतात, बहुतेक हार्डवेअरला उलगडता येत नाहीत. तिथे कोअर वापरले जाणारच. सुदैवाने त्या फाइली बहुधा १०८०पी किंवा त्याहून लहान असतात, त्यामुळे मध्यम प्रोसेसरलाही झेपतात.

मध्यरात्री पंखा का चढतो असंही विचारलं जातं. लायब्ररी स्कॅन, लघुचित्रं तयार करणं, व्हायरस तपासणी, सिस्टिम अपडेट, ही कामं मशीन मोकळं दिसलं की सुरू होतात. त्यांची वेळ सकाळची करून टाका.

भाग निवडायचेच असतील तर

वरचं सगळं करून झालं आणि यंत्र खरोखरच जुनं असेल, किंवा नव्याने बांधायचं असेल, तर माझा क्रम असा आहे. आधी उष्णता कमी करणारे भाग, मग हवेची वाट, पंखा शेवटी. दुकानात आपण नेमकं उलट्या टोकाकडून सुरुवात करतो.

प्रोसेसर निवडताना कोअर मोजू नका, त्याचा व्हिडिओ भाग काय उलगडतो ते वाचा. व्हिडिओ आवळायच्या पद्धतींपैकी तीन नावं हवीत: एचईव्हीसी १० बिट, व्हीपी९ १० बिट आणि एव्ही१. इंटेलच्या ७व्या पिढीपासून पहिली दोन मिळतात. एव्ही१ साठी ११व्या पिढीतलं एक्सई ग्राफिक्स किंवा त्यानंतरचं हवं. एएमडीच्या डेस्कटॉप रायझन ७००० मालिकेत एव्ही१ आहे, पण त्याआधीच्या ५६००जी सारख्या वेगा ग्राफिक्सच्या प्रोसेसरमध्ये नाही. तो स्वस्त मिळतो म्हणून अनेक जण घेतात आणि ऑनलाइन व्हिडिओ एव्ही१ मध्ये आले की पंखा चढतो. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्सच नाही, मग वेगळं कार्ड लावावं लागेल आणि कार्ड म्हणजे आणखी एक पंखा. केवळ चित्रपटांसाठी यंत्र हवं असेल तर वेगळं कार्ड घेऊच नका.

२०२३ मध्ये आलेला इंटेलचा एन१०० हा चार कोअरचा, ६ वॅट टीडीपीचा (म्हणजे साधारण तेवढीच उष्णता टाकणारा) छोटा प्रोसेसर या कामासाठी मला फार आवडतो. एव्ही१ उलगडतो आणि योग्य हीटसिंक दिला तर पंख्याशिवाय राहतो. फक्त काही छोट्या पीसींमध्ये उत्पादक त्याची वॅटची मर्यादा वाढवून ठेवतात आणि वर नखाएवढा चिरका पंखा बसवतात, तेवढं बघून घ्या.

मोठा प्रोसेसर आधीच असेल तर तो विकू नका. बायोसमध्ये इंटेलसाठी पीएल१ आणि पीएल२ या वॅटच्या मर्यादा असतात, एएमडीसाठी इको मोड. ६५ वॅटचा प्रोसेसर ३५ वर बांधून टाकला तरी चित्रपटात काडीचा फरक पडत नाही. इंटेलचे नावात टी असलेले कमी वॅटचे प्रोसेसर वेगळे शोधत बसायचीही गरज नाही, तुमच्याकडे आहे त्यालाच मर्यादा घातली की काम होतं. बांधणीला बसण्याआधी एकही पैसा खर्च न करता ही एक गोष्ट करून बघा.

कॅबिनेटच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: टीव्हीखाली मावेल तितकं मोठं घ्या. लहान डबा देखणा दिसतो, पण त्यात ८० मिलिमीटरचे पंखे आणि बुटका कूलर एवढंच बसतं. १२० च्या पंख्याचा चौरस ८० च्या पंख्याच्या सव्वादोन पट असतो, म्हणजे तेवढीच हवा तो कितीतरी कमी फेऱ्यांत हलवतो. आणि फेरे कमी होण्याचा फायदा अफाट आहे. पंख्याच्या नियमांनुसार वेग निम्मा केला की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबलची घट कानाला साधारण निम्मी वाटते, त्यावरून अंदाज घ्या. एकसारखे दोन पंखे लावले तर त्यांचा मिळून आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणून एक पंखा १२०० वर फिरवण्यापेक्षा दोन पंखे ६०० वर फिरवणं केव्हाही बरं. कॅबिनेट घेण्याआधी त्यात जास्तीत जास्त किती उंचीचा कूलर बसतो हा आकडा मिलिमीटरमध्ये बघा, आणि कूलरच्या उंचीत पंखा धरलेला आहे ना याची खात्री करा.

आतून फोम लावलेली बंद कॅबिनेट शांत म्हणून विकली जातात. माझ्या अनुभवात ती हवा अडवतात, आतलं तापमान वाढतं आणि पंखे जोरात फिरतात. फोमने वाचवलेलं तिथे वाया जातं. मला मोकळी जाळी आणि मंद पंखे जास्त पटतात. जाळी आणि पाती यांच्यात एक-दोन सेंटिमीटर अंतर ठेवता आलं तर सूंऽऽ आणखी उतरतो.

एसएमपीएस हा विसरला जाणारा भाग. चित्रपट बघताना सगळं यंत्र ३० ते ६० वॅट घेतं, त्यामुळे ७५० वॅटचा एसएमपीएस लावून काही मिळत नाही. चांगल्या कार्यक्षमतेचा ४००-४५० वॅटचा पुरतो. इथे एक सापळा आहे. अनेक चांगल्या एसएमपीएसमध्ये कमी भारावर पंखा पूर्ण थांबतो. ऐकायला छान वाटतं, पण बंदिस्त जागेत तो पाच मिनिटं थांबतो, अर्धं मिनिट फिरतो, पुन्हा थांबतो. सुरू होतानाची ती घरघर शांत प्रसंगात हमखास ऐकू येते. मागच्या बाजूला हायब्रिड नावाचं बटण असेल तर ते बंद करून बघा. पंखा सतत मंद फिरेल आणि दहा मिनिटांत तुम्ही त्याला विसराल. छोट्या आकाराचे एसएफएक्स एसएमपीएस जागा नसेल तरच घ्या, त्यांचा पंखाही लहान असतो. फारच कमी वॅटचं यंत्र असेल तर लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर आणि आत छोटा डीसी बोर्ड, ही जोडी सर्वात निवांत.

मदरबोर्डवर पंख्यांसाठी निदान तीन जागा असाव्यात आणि प्रत्येकीला पीडब्ल्यूएम व डीसी दोन्ही मोड असावेत. चिपसेटवर (मदरबोर्डच्या स्वतःच्या मुख्य चिपवर) पंखा असलेला बोर्ड टाळा. २०१९ मध्ये आलेल्या एएमडीच्या एक्स५७० चिपसेटच्या बऱ्याच बोर्डांवर तो होता, आणि इतक्या लहान पंख्याचा आवाज नेहमी चिरका असतो. रॅमला आवाज नाही; दोन पट्ट्या लावा म्हणजे आतल्या ग्राफिक्सला बरं पडतं. सिस्टिमसाठी एम.२ एसएसडी, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणारी, फिरता भाग नसलेली डिस्क.

हार्ड डिस्क मात्र दिवाणखान्यात नकोच. चित्रपटांचा साठा दुसऱ्या खोलीतल्या नेटवर्क स्टोरेजवर ठेवा. ४के ब्लू-रेचा कमाल वेग सेकंदाला १२८ मेगाबिट असतो, गिगाबिट केबलला ते काहीच नाही. १०० मेगाबिटच्या जुन्या स्विचवर मात्र मोठ्या प्रसंगात चित्र अडखळेल. डिस्क तिथेच ठेवावी लागली तर ५४०० आरपीएमची घ्या, जाड रबरी वॉशरवर बसवा आणि पत्र्याला थेट चिकटू देऊ नका. फोममध्ये गुंडाळू नका, डिस्कलाही श्वास लागतो. इलॅस्टिकच्या दोरीवर टांगण्याचा उपाय खरोखर उत्तम चालतो, पण इलॅस्टिक वर्षभरात सैल होतं, तेव्हा ते वेळेत बदलणार असाल तरच करा. यंत्र हलवायचं झालं तर टांगलेली डिस्क आधी बाहेर काढा.

पूर्ण बिनपंख्याची कॅबिनेट, ज्यांचं अख्खं अंगच हीटसिंक असतं, ती घ्यावीत का असं बरेच जण विचारतात. उघड्या फळीवर, ३५ वॅटच्या आतल्या प्रोसेसरसाठी, जरूर. बंद टीव्ही युनिटमध्ये ती अजिबात ठेवू नका. तिथे हवा स्वतःहून वर चढली पाहिजे आणि दार लावलं की ती चढत नाही.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे. सगळं मनासारखं शांत झालं की एक चिठ्ठी लिहा आणि कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. तारीख, खोलीचं तापमान, मेन्यूवर अर्धा तास बसल्यावर प्रोसेसरचं तापमान, एक ठरलेला चित्रपट एक तास चालवल्यावरचं तापमान, त्या वेळचा सीपीयू वापर टक्क्यांत, आणि प्रत्येक पंख्याचा आरपीएम. पुढच्या वेळी आवाज आला की तेच आकडे पुन्हा काढा. सीपीयूचा वापर वाढलेला दिसला तर डीकोडिंगकडे जा. वापर तोच, पण मेन्यूवरचं आणि चित्रपटाचं दोन्ही तापमान सारखंच वर सरकलं असेल, तर खोली आणि टीव्ही युनिट बघा. मेन्यूवर फरक थोडा, चित्रपटात बराच जास्त असेल तर जाळी, हीटसिंकची धूळ, कूलरची पकड आणि सर्वात शेवटी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला लेप) बघा. तापमानं जुनीच आणि फक्त आरपीएम वेगळा असेल, तर बायोसचा तो फोटो उघडा.